रायफल विकली, पण पाठवायची कशी? परवानाधारकांनी आधी हे ऐका

राम राम मंडळी.

आपल्या विदर्भात जिथं रानडुक्कर आणि रोही वावरात शिरतात, तिथं कुणाच्या ना कुणाच्या घरी परवान्याची बंदूक सापडतेच. वडिलांच्या काळात पीक संरक्षणासाठी परवाना काढलेला असतो. आता मुलं पुण्या-नागपुरात नोकरीला, वावर ठेक्यानं दिलेलं, जागलीला जाणारं घरात कुणी उरलं नाही. रायफल कपाटात पडून. मग गिऱ्हाईक मिळतं, कधी शेजारच्या तालुक्यात, कधी थेट मध्य प्रदेशात बालाघाटला. आणि मला हमखास एकच प्रश्न येतो: भाऊ, कुरिअरनं जाते का?

नाही जात. कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत बंदूक आणि काडतुसं असतात. 'मशिनरी पार्ट' लिहून बुकिंग केलं तर तुम्ही खोटं लिहून शस्त्र पाठवलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. काही जण म्हणतात, मग बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) वेगळा पाठवतो, नळी वेगळी पाठवतो. तेही चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात. तुकडे केले म्हणून कायदा मागे हटत नाही.

हा गैरसमज येतो कुठून, तेही सांगतो. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात, माणूस रायफल खोक्यात भरतो, टेप मारतो आणि पाठवून देतो. तिथला कायदा वेगळा आहे. १९६८ च्या त्यांच्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे खाजगी माणसाला दुसऱ्या राज्यात रायफल पाठवायची असेल तर ती केंद्रीय परवाना असलेल्या डीलरकडेच पाठवावी लागते. खरेदीदाराची तपासणी तो डीलर करतो आणि मगच हातात देतो. म्हणजे तिथंसुद्धा वाटेत परवान्याचा माणूस लागतोच. आपल्याकडे तर बंदूक एकटी प्रवासच करत नाही. परवान्याच्या हातातून निघते, परवान्याच्या हातात पोचते, आणि मधे कागद लागतो. आजचा सगळा व्हिडिओ एवढ्याच गोष्टीवर आहे.

कागदापासून सुरू करू, कारण बंदूक सर्वात शेवटी हलते.

आपल्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ नीट समजून घ्या. विक्रीचा धंदा करायला डीलरचा परवाना लागतो. पण स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली बंदूक, ती ठेवण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या माणसाला तुम्ही विकू शकता. अट अशी की जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: कोणतं शस्त्र विकतोय, कोणाला विकतोय, त्याचं नाव काय, पत्ता काय. आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तोंडी सांगितलेलं चालत नाही. ठाणेदार साहेब ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला होता, हेही चालत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. ते ४५ दिवस मोजायचे त्या पोचवरूनच.

प्रत्यक्षात कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत विक्रीच्या परवानगीचा अर्ज जातो, पोलिसांचा अहवाल येतो आणि मग लेखी परवानगी हातात पडते. नागपूर, अमरावती शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात होतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ४५ दिवस उलटले तरी लेखी उत्तर हातात आल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढू नका. खेटे पडतील, वेळ जाईल. पण पुढे कधी त्या शस्त्राचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या बाजूनं बोलणारा तोच एक कागद असेल.

आता गिऱ्हाईक. त्याचा मूळ परवाना स्वतः बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका. परवाना मुदतीत आहे का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ३ ऐवजी ५ वर्षांची झाली आहे. त्यावर कोणत्या प्रकारचं शस्त्र घेण्याची मुभा आहे? त्याच्याकडे आधीच किती शस्त्रं आहेत? त्याच दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाला ३ ऐवजी २ च शस्त्रांची मर्यादा घातली. तिसरी बंदूक त्याला विकली तर तो आणि तुम्ही दोघंही अडकाल. समोरच्याला अधिकार आहे याची खात्री न करता शस्त्र त्याच्या ताब्यात देणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. म्हणजे खात्री करायची जबाबदारी देणाऱ्याची. 'मला काय माहीत, तो म्हणाला परवाना आहे' हे उत्तर तिथं उपयोगाचं नाही.

आता जिथं सर्वात जास्त घरं फसतात, तिथं येतो. वडील वारले, बंदूक घरात. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, बंदूक तशीच कपाटात. अहो, परवाना वडिलांच्या नावाचा होता! ते गेले त्या दिवसापासून ती ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कलम २१ सांगतं की विनाकारण उशीर न करता ती पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. जमा केली म्हणजे गेली, अशी भीती लोकांना वाटते, म्हणून ते लपवून ठेवतात. तसं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला दोन वाटा मोकळ्या असतात: स्वतःच्या नावानं परवाना मिळवून बंदूक परत घ्यायची, किंवा अधिकार असलेल्या माणसाला ती विकून पैसे घ्यायचे. मुदत टळली तर मात्र शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. आणि घरात तशीच ठेवली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होतो, त्याला आता किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. आई एकटी गावात राहते आणि तिच्या कपाटात ती बंदूक आहे, असं ज्यांचं आहे त्यांनी हा व्हिडिओ इथंच थांबवून घरी फोन करा.

विकायचीच असंही काही नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, तर ते हयात असतानाच वारसाच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. काकाजी लोकांनी हे लक्षात ठेवावं.

बरं, सगळे कागद झाले. आता ने-आण.

सर्वात निर्धोक वाट म्हणजे परवानाधारक शस्त्र डीलर. तुम्ही तुमच्या परवान्यावर बंदूक त्याच्याकडे नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, पुढची नोंद आणि ने-आण तो त्याच्या रजिस्टरमध्ये दाखवून करेल. पैसे थोडे जातील, जाऊ द्या. विशेषतः गिऱ्हाईक मध्य प्रदेशात किंवा तेलंगणात असेल तर दुसऱ्या कुठल्या वाटेचा विचारच करू नका.

गिऱ्हाईक आपल्याच जिल्ह्यातलं असेल तर ते स्वतः मूळ परवाना घेऊन आलेलं बरं. इथं परवान्यावरचं क्षेत्र वाचा. कुणाचा परवाना जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा देशभराचा. अमरावती जिल्ह्यापुरता परवाना असलेला माणूस चंद्रपुरातून बंदूक उचलून निघाला तर तो अमरावतीला पोचेपर्यंत परवान्याबाहेर आहे. त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते.

आणि पुतण्याच्या हातानं, चिठ्ठी देऊन पाठवायचं? कलम ३ मध्ये चिठ्ठीची सवलत आहे, पण ती तीनच कामांसाठी: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण आणि मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी. विकलेली बंदूक पोचवणं त्यात बसत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ड्रायव्हरच्या भरवशावर टाकणं तर दूरच राहिलं. कलम २० खाली कुणी संशयास्पद रीतीनं शस्त्र नेताना दिसला, तर पोलिसच काय, गाडीवर काम करणारा माणूसही त्याला अडवून ताब्यात घेऊ शकतो. परवाना असला तरी.

(टेबलावर रिकामी पेटी ठेवत)

आता निघण्याआधीची तयारी. ही मी घाई न करता सांगणार आहे, कारण कागदाची चूक सुधारता येते, ही नाही.

.३१५ ची बोल्ट रायफल समजा. नळीचं तोंड अशा बाजूला, जिथं माणूस नाही, जनावर नाही आणि पलीकडे पातळ भिंत नाही. बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढा. मग बोल्ट मागे ओढा. हा क्रम उलटा केला तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा आत शिरतं. बोल्ट मागे असताना आत डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून चाचपा. जुन्या रायफलमध्ये काळोखात डोळा फसतो, बोट फसत नाही. मग बोल्ट पूर्ण काढा आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. १२ बोअरची दुनळी असेल तर सोपं आहे, मोडून उघडली की दोन्ही नळ्या समोर दिसतात.

भरमारची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या जुन्या बंदुकीची गोष्ट निराळी. गडचिरोली, गोंदिया, मेळघाटाकडे जुन्या भरमार अजून निघतात, आणि ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. तिला गज असतो. तो नळीत हळूच तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी बोटानं खूण धरायची. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघायचा. गजाचं टोक टोपी (बार पेटवणारी टिकली) लावायच्या जागेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असंच धरा. तो स्वतः काढायला जाऊ नका, पाणी ओतू नका, हलवू नका. परवानाधारक कारागिराला किंवा पोलीस स्टेशनला कळवा.

काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलुपात. विक्रीच्या अर्जात त्यांचीही संख्या लिहिलेली हवी, उरलेली पाच-दहा काडतुसं 'असू द्या, घेऊन जा' म्हणून फुकट द्यायची नाहीत. रायफल कुलपाच्या पेटीत, बोल्ट बाहेर काढून. पेटीवर बंदुकीचं चित्र नको, नाव नको. निघण्याआधी शस्त्राच्या नंबराचा फोटो काढून परवान्यावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. वाटेत चहाला थांबलात तर एक माणूस गाडीत बसलेला हवा.

निवडणुकीचे दिवस असतील तर सगळं पुढे ढकला. आचारसंहितेच्या काळात शस्त्रं जमा करण्याचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात तुमची विक्री परवानगी असूनसुद्धा नाक्यावर खोळंबा होईल.

एक कळकळीनं सांगतो. या बंदुकीच्या परवान्यावर रानडुक्कर मारायची परवानगी मिळत नाही, त्याला वन विभागाची परवानगी वेगळी लागते. विकताना 'डुकरं मारायला मस्त आहे' असं सांगून गिऱ्हाईकाला भलत्या भरवशावर ठेवू नका.

शस्त्र ताब्यात दिलं की दोघांच्या सह्यांची पावती करा: तारीख, वेळ, ठिकाण, शस्त्राचा नंबर, काडतुसं, दोघांच्या परवान्यांचे क्रमांक. मग परवाना शाखेत जाऊन तुमच्या परवान्यावरून ते शस्त्र कमी केल्याची नोंद करून घ्या, आणि गिऱ्हाईकानं त्याच्या परवान्यावर चढवल्याची प्रत मागून घ्या. कमी झाल्याची नोंद हातात येईपर्यंत सरकारदरबारी बंदूक तुमचीच आहे. प्रश्न असतील तर खाली कमेंटमध्ये विचारा, मात्र तिथं शस्त्राचा नंबर, परवान्याचा फोटो किंवा 'विकणे आहे' असं काही लिहू नका. मी ते काढून टाकेन.