प्रॉक्समॉक्स बसवला, चालला आणि मग ‘गायब’ झाला: पहिल्या तासात करायची कामे

नमस्कार मंडळी. नागपूरहून मी पुन्हा एकदा प्रॉक्समॉक्सचा, म्हणजे एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय घेऊन आलो आहे, कारण मागच्या व्हिडिओखालील कमेंट वाचल्यानंतर दुसऱ्या विषयाकडे वळणे शक्यच नव्हते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआय या तिच्या अशाच सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी. पण तोपर्यंत घरी प्रयोग करणारे आणि लहान कार्यालये सांभाळणारे पुष्कळ लोक प्रॉक्समॉक्सकडे वळले होते. हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यापासून बर्डीवरून जुना डेस्कटॉप आणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांचा पहिला प्रश्न असतो, बसवला, आता पुढे काय? त्यांतल्या बऱ्याच जणांचा दुसरा प्रश्न असतो, बसवला होता, आता सापडत का नाही? आज मी पहिल्या प्रश्नाला थोडा आणि दुसऱ्याला भरपूर वेळ देणार आहे.

सोप्या गोष्टी भराभर सांगतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू केलेले असावे. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहिताना सुरुवातीला एचटीटीपीएस आणि शेवटी ८००६ हा पोर्ट असलाच पाहिजे. पोर्ट राहिला, तर पान उघडत नाही; जुन्या आवृत्त्यांत एचटीटीपीएस राहिले तरीही उघडत नाही. प्रमाणपत्राबद्दल ब्राउझर जो इशारा देतो, तो प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच तयार केलेले असल्यामुळे येतो, म्हणून तुमच्या घरच्या जाळ्यात तो ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. वापरकर्त्याचे नाव रूट, पासवर्ड बसवताना दिलेला, आणि खालच्या यादीत लिनक्स पॅम निवडलेले असावे.

आत गेल्यावर सबस्क्रिप्शन नसल्याची सूचना येते. ‘भाऊ, हे पायरेटेड आहे का?’ असे विचारणाऱ्यांना मी प्रत्येक व्हिडिओखाली तेच उत्तर देतो. प्रॉक्समॉक्स मुक्त परवान्याखालील सॉफ्टवेअर आहे. व्हिएन्नातील कंपनी पैसे घेते ते तांत्रिक मदतीचे आणि अधिक तपासलेल्या अपडेटच्या भांडाराचे. नव्या सर्व्हरवर तेच सशुल्क भांडार आधीपासून चालू असते, त्यामुळे अपडेट करायला गेलात की ४०१ ही त्रुटी दिसते. डाव्या यादीत आपला नोड, म्हणजे आपल्या सर्व्हरचे नाव, निवडून अपडेट्सखालील रिपॉझिटरीज या पानावर जावे, एंटरप्राइझ असे लिहिलेल्या दोन्ही ओळी बंद कराव्यात आणि ‘नो-सबस्क्रिप्शन’ हे भांडार जोडावे. दोन्ही म्हणतो, कारण सेफ या साठवण-प्रणालीची सशुल्क ओळ वेगळी असते आणि ती तशीच राहिली तर त्रुटीही राहते. त्यानंतर अपडेट हे अपडेट्स या पानावरील बटणाने करावे, किंवा कमांडने करायचे असेल तर फुल-अपग्रेड वापरावे. साधे अपग्रेड काही पॅकेजे मागे ठेवते आणि प्रॉक्समॉक्समध्ये अशी अर्धवट अवस्था त्रासदायक ठरते. ती सूचना काढून टाकणारी स्क्रिप्ट द्या, ही मागणी मी पूर्ण करणार नाही. एका क्लिकने जाणाऱ्या खिडकीसाठी अनोळखी माणसाची स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालवणे मला पटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. महाल भागातील एका प्रेक्षकाने लिहिले आहे, ‘भाऊ, रात्रीपर्यंत चांगला सुरू होता, सकाळी लाइट जाऊन आली आणि सर्व्हरच गायब.’ अशा आशयाच्या इतक्या कमेंट येतात, की मी त्यांना नेहमी एकच प्रतिप्रश्न विचारतो: सर्व्हरचा आयपी पत्ता तुम्ही ठरवला होता, की पडद्यावर आला तो तसाच स्वीकारला होता? उत्तर बहुतेक वेळा ‘तसाच स्वीकारला’ असे असते.

येथे नेमके काय घडते ते पाहा. बसवताना नेटवर्कची केबल जोडलेली असेल, तर इन्स्टॉलर राउटरकडून एक पत्ता मागून घेतो आणि तो रकान्यात भरून दाखवतो. समजा तो १९२.१६८.१.३७ आहे. तुम्ही पुढे जाण्याचे बटण दाबता आणि त्या क्षणी हा पत्ता सर्व्हरमध्ये कायमचा लिहिला जातो. राउटरच्या दृष्टीने मात्र तो काही काळापुरता दिलेला पत्ता असतो. मुदत संपली की सर्व्हर ती वाढवून मागत नाही, कारण त्याच्या लेखी पत्ता त्याचाच आहे. राउटर मात्र तो मोकळा झाला असे समजतो. आरक्षणाच्या तक्त्यात नाव नसताना एखादा प्रवासी जागेवर निवांत बसलेला असावा आणि पुढच्या स्थानकावर त्याच क्रमांकाचे तिकीट घेऊन दुसरा चढावा, तसा हा प्रकार आहे. घरातल्या एखाद्या मोबाइलला ३७ क्रमांक मिळाला, की ब्राउझर कधी सर्व्हरकडे जातो आणि कधी मोबाइलकडे, आणि पान कधी उघडते, कधी उघडत नाही.

हीच गोष्ट वीज जाण्याच्या बाजूने पाहिली, तर महालच्या प्रेक्षकाचे कोडे सुटते. अनेक घरगुती राउटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी केवळ तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज जाऊन आली की ती यादी पुसली जाते. राउटर सुरू होतो, मोबाइल आणि टीव्ही लगेच जोडले जातात. सर्व्हर मात्र स्मृतीची तपासणी, डिस्क, सेवा असे सगळे पार करत सावकाश उठतो. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरत आहे का हे हाक मारून पाहतात, पण त्या वेळी सर्व्हर झोपलेला असल्यामुळे उत्तर येत नाही आणि पत्ता टीव्हीला जातो. उन्हाळ्यात वादळी पाऊस येऊन वीज गेली, की त्या दिवशी माझ्याकडे अशा कमेंटची रांग लागते, ती याचमुळे.

तिसरी बाजू उलट प्रकारची आहे. बसवताना केबल जोडलेलीच नसेल, तर इन्स्टॉलर स्वतःच्या मनाने १९२.१६८.१००.२ हा पत्ता भरतो. तुमच्या घरचे जाळे १९२.१६८.१ या मालिकेचे असेल, तर सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर पत्ता ठळकपणे दिसत राहतो आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये कितीही वेळा लिहिला तरी पान उघडत नाही. इंटरनेटची कंपनी बदलून नवा राउटर आला आणि त्याची मालिका १९२.१६८.२९ निघाली, तरी परिणाम तोच होतो. अशा वेळी लोक संपूर्ण प्रॉक्समॉक्स पुन्हा बसवतात आणि त्यासोबत व्हर्च्युअल मशीनही घालवून बसतात. दोन फायलींतील दोन-तीन ओळींसाठी हे सर्व होताना पाहून मला खरोखर चीड येते.

उपाय असा आहे. प्रथम राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, मर्यादा पाहावी. ती २ पासून २५४ पर्यंत असेल, तर १०० ते २०० अशी आखडून घ्यावी आणि सर्व्हरला त्या मर्यादेबाहेरचा, उदाहरणार्थ १० हा क्रमांक द्यावा. राउटरमध्ये तो पत्ता सर्व्हरच्या मॅक पत्त्याशी (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाशी) राखून ठेवण्याची सोय असेल, तर तेही चालते. त्यानंतर प्रॉक्समॉक्समध्ये आपल्या नोडच्या सिस्टिम विभागात जावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी होस्ट्स या पानावर आपल्या सर्व्हरच्या नावापुढील जुना पत्ता बदलून जतन करावा आणि मग नेटवर्क पानावर व्हीएमबीआर० या ब्रिजचा (सर्व्हर आणि त्यातील मशीन यांना नेटवर्क कार्डाशी जोडणाऱ्या दुव्याचा) पत्ता व गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, बदलावा. ‘अप्लाय कॉन्फिगरेशन’ हे बटण दाबेपर्यंत नेटवर्कमधील बदल लागू होत नाही आणि दाबल्यावर समोरचे पान तुटते, कारण सर्व्हर नव्या पत्त्यावर गेलेला असतो. नव्या पत्त्याने पान उघडून सर्व्हर एकदा रीबूट करावा.

होस्ट्सची फाइल विसरणारे सर्वाधिक आहेत. ती तशीच राहिली, तर काळ्या पडद्यावर जुनाच पत्ता झळकत राहतो, कारण तो मजकूर होस्ट्समधील नोंद पाहून तयार होतो, आणि मग प्रेक्षक मला फोटो पाठवून म्हणतात की बदल झालाच नाही. कोणीतरी सांगितले म्हणून तेथे १२७.०.०.१ (संगणकाचा केवळ स्वतःपुरता पत्ता) लिहिले, तर परिस्थिती अधिक बिघडते: प्रॉक्समॉक्सची क्लस्टर सेवा सुरू होत नाही, तिच्यावर अवलंबून असलेले वेब पानही उघडत नाही आणि पीव्हीई हे कॉन्फिगरेशनचे फोल्डर रिकामे दिसते. मशीनचा डेटा मात्र डिस्कवर सुरक्षित असतो, म्हणून घाबरून काहीही पुसू नये. वेब पान उघडतच नसेल, तर सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडावा, रूटने आत जावे आणि ईटीसी फोल्डरमधील होस्ट्स आणि नेटवर्क फोल्डरातील इंटरफेसेस या दोन फाइल नॅनो संपादकाने दुरुस्त कराव्यात. सर्व्हर आधीच क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरच्या गटात, जोडलेला असेल, तर ही कृती पुरेशी नाही. तेथे कोरोसिंक या गटाला जोडून ठेवणाऱ्या सेवेतीलही पत्ता बदलावा लागतो.

पत्ता योग्य असूनही सर्व्हर सापडत नसेल आणि तुम्ही नुकतेच ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली असेल, तर नेटवर्क कार्डाचे नाव बदललेले असण्याची शक्यता आहे. ते नाव मदरबोर्डवरील क्रमावरून ठरते, त्यामुळे कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते आणि ब्रिज मात्र जुन्याच नावाची वाट पाहत बसतो. ‘आयपी ए’ या कमांडने खरे नाव पाहून इंटरफेसेस फाइलमधील ब्रिज-पोर्ट्सची ओळ बदलावी.

‘वायफायवर चालेल का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कृपया केबल घ्यावी. साध्या वायफाय जोडणीत राउटर त्या एका कार्डाचाच मॅक पत्ता ओळखतो. ब्रिजमागील प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा मॅक वेगळा असल्यामुळे तिचा संदेश पुढे जात नाही. त्यावर आडवळणाचे उपाय आहेत, परंतु नवशिक्याने त्यात शिरू नये.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगतो. आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती) लोकल या साठवणीत जातात आणि मशीनच्या डिस्क लोकल-एलव्हीएममध्ये राहतात. बसवताना झेडएफएस ही फाइल-प्रणाली निवडली असेल तर लोकल-झेडएफएसमध्ये. डेटासेंटरखालील बॅकअप या पानावर रात्रीचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी लावावे, मात्र बॅकअप सर्व्हरच्या त्याच डिस्कवर ठेवू नये, कारण डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

विजेचे आणि उष्णतेचे आपल्याकडे वेगळे पाहावे लागते. घरचा इन्व्हर्टर असेल, तर त्यावरील खटका यूपीएसच्या बाजूला असल्याची खात्री करावी, नाहीतर वीज बदलताना सर्व्हर बंद पडू शकतो. आणि राउटरही त्याच जोडणीवर असावा, कारण वर सांगितलेला पत्त्याचा घोळ राउटर बंद पडल्यानेच सुरू होतो. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सर्व्हर हवेशीर जागी हवा, हे खरे. तरीही त्याला कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ती हवा दमट असते.

कमेंटमध्ये मदत मागताना तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात: राउटरचा पत्ता, ‘आयपी ए’ या कमांडचे उत्तर आणि होस्ट्स फाइलमधील मजकूर. त्यात तुमचा सार्वजनिक पत्ता किंवा पासवर्ड येणार नाही, याची काळजी घ्यावी. विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही, असे लिहिणाऱ्यांसाठी पुढचा व्हिडिओ विंडोजला व्हर्च्युअल डिस्क ओळखू देणाऱ्या व्हर्टआयओ ड्रायव्हरवर असेल. तोपर्यंत ड्रायव्हरची आयएसओ लोकलमध्ये चढवून ठेवावी.