कोयता म्हणजे माणसं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली, पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली लेकरं. म्हातारी माणसं घर राखायला मागं राहतात. बाकीचे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायचं.

किमान वेतनाच्या कायद्याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि ते या उसाच्या फडातूनच बोललेलं बरं. बाजार खुला असावा की मजुरीचा दर सरकारनं बांधून द्यावा, हा वाद शहरातल्या सभागृहात फार सोपा वाटतो. फडात गेलं की त्यातले शब्द तपासून बघावे लागतात.

खुल्या बाजाराची बाजू अशी. मजुरी ही श्रमाची किंमत आहे. देणारा आणि घेणारा यांच्या राजीखुशीनं ती ठरते. सरकारनं मध्ये पडून दर वर नेला, तर ज्याचं काम त्या दराला परवडत नाही त्याला कुणी कामच देणार नाही. म्हणजे ज्याच्या भल्यासाठी कायदा केला, त्याच्याच पोटावर पाय.

हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. आपल्याच रोजगार हमी योजनेत तसं घडलेलं आहे. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं, त्यासोबत रोजगार हमीची मजुरीही दुपटीच्या आसपास गेली, आणि त्यानंतर कामं कमी निघू लागली. काम मागेल त्याला काम ही हमी सैल झाली, असं अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीवरून दाखवून दिलं. दर वाढला की कुठंतरी भार पडतो. तो कुणावर पडतो, हे बघायलाच हवं.

पण ‘राजीखुशी’ हा शब्द घ्या. ऊसतोडीचा सौदा हंगामात होत नाही. तो पावसाळ्यात होतो, घरात पैसा नसतो तेव्हा. मुलीचं लग्न, दवाखाना, बियाणं, मागचं देणं. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम येतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि त्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांचे हात बांधले जातात. गाळप सुरू होतं, कारखान्यांना टोळ्या कमी पडतात, म्हणजे मजुराचा भाव वाढायची खरी वेळ येते, तेव्हा हा माणूस बाजारात उभाच नसतो. त्याचं अंग आधीच दिलेलं असतं. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. आजारपणात बुडालेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो. ज्याला ‘नाही, मी दुसरीकडं जातो’ म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला राजीखुशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता हिशेब मांडू. ऊसतोडीचा दर साखर संघ, म्हणजे साखर कारखान्यांची संघटना, आणि मजुरांच्या संघटना बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला. मोठी वाढ, संपाच्या इशाऱ्यांनंतर मिळालेली. धरून चालू, एका कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरून दिली. ७३२ रुपये झाले. ऐकायला बरे वाटतात.

पण कोयता म्हणजे माणसं किती? दोन. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. म्हणजे माणशी ३६६. आणि दिवस किती तासांचा? पहाटे अंधारात फडात उतरायचं, रात्री गाडी आली तर रात्रीही भरायची. बारा तास धरले, आणि हे मी कमीच धरतो आहे, तर तासाला साडेतीस रुपये. आठ तासांच्या दिवसाला २४४. त्याच २०२४-२५ सालात महाराष्ट्रात मनरेगाच्या मजुरीचा दर होता २९७ रुपये. जादा तासांचा जादा दर मी यात धरलेलाच नाही.

हे सगळं लपून राहतं ते एका शब्दामुळं. किमान वेतनाचा कायदा माणूस मोजतो, तास मोजतो. ऊसतोडीचा बाजार कोयता मोजतो, टन मोजतो. कोयत्यातली बाई कुणाच्याच वहीत नसते. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या हातात. ती पहाटे चार वाजता उठून भाकरी थापून मग फडात येते, ते तास तर कुणाच्या गणतीतच नाहीत.

हा कायदा मुळात अशाच माणसांसाठी जन्माला आला. १९४६ च्या एप्रिलमध्ये, मजूर खात्याचा कारभार सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ मध्ये कायदा झाला. त्याच्या पहिल्या यादीत बिडी, भातगिरण्या, खडी फोडणं, कातडी कमावणं अशी कामं होती, आणि शेतीही होती. गिरणी कामगाराला युनियन होती, तो भांडू शकत होता. ज्यांना भांडायला कुणी नाही त्यांच्यासाठी दराला खालून टेकू द्यायचा, ही कल्पना. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की पोटाच्या गरजेपोटी माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीत राबत असेल, तर तीही सक्तीची मजुरीच. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंग. भुकेची सक्ती ही सक्ती असते, हे न्यायालयानं मान्य केलं.

इंग्लंडमध्येही हे असंच घडलेलं आहे. क्रॅडली हीथ नावाच्या गावात बायका घरामागच्या भट्टीवर लोखंडी साखळ्या घडवायच्या. १९१० मध्ये मजुरीचे दर ठरवणाऱ्या सरकारी मंडळानं त्यांना तासाला अडीच पेन्स दर ठरवून दिला, पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. मालकांनी काय केलं? ‘आम्हाला नवा दर नको’ अशा कागदांवर त्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. अनेकींना ते कागद वाचता येत नव्हते. तिथंही राजीखुशीच होती, कागदावर. मेरी मॅकार्थर या कामगार नेत्याबरोबर त्या बायका दहा आठवडे संपावर राहिल्या, तेव्हा दर मिळाला.

मजुरी वाढली की कामं जातातच, हेही दर वेळी खरं ठरत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ मध्ये किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्टफूडची दुकानं ताडून पाहिली. नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. या अभ्यासावर पुष्कळ वाद झाला, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जिथं काम देणारे मोजके आणि मजुराला दुसरी वाट नाही, तिथं मजुरी मुळातच दाबलेली असते. ती थोडी वर उचलली तर काम लगेच जात नाही.

ऊसतोडीत यंत्रं येत आहेत. काहींचं काम जाईल, आणि त्याची मला काळजी वाटते. पण यंत्रं आली ती माणसं तोडीला यायला नाखूश आहेत म्हणून. ती का नाखूश आहेत, याचा हिशेब आपण आत्ताच केला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि किमान वेतनाचा हक्क तिनं सगळ्याच कामगारांना दिला आहे. टनाचा दर ठरवायला पुढच्या वेळी बैठक बसेल, तेव्हा त्या टनाला माणसं किती आणि तास किती लागतात हे आधी मोजलं जावं. कारखान्याच्या काट्यावरच्या वजनाची पावती तोडणाऱ्याच्याही हातात पडावी. आणि मुकादमाच्या वहीत एका कोयत्यापुढं दोन नावं लिहिली जावीत: त्याचं, आणि खालच्या ओळीत तिचं, तिच्या मजुरीच्या आकड्यासकट.

नमस्कार.