बांगडा काय खातो?

मंडळी, बेळगावात समुद्रावर भाषण म्हटल्यावर कितीजणांनी विचारलं, इथं कुठला समुद्र? अहो, म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगवते आणि पणजीजवळ मांडवी होऊन समुद्राला मिळते. डायटम म्हणजे पाण्यातलं एकपेशीय बारीक शेवाळ, त्याची कवचं सिलिकाची, म्हणजे काचेचीच असतात की, आणि ती सिलिका डोंगर झिजून नद्यांतनंच खाली जाते. तारली हे डायटम खाते, बांगडा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक प्राणी, तेसुद्धा खातो, आणि घाट चढून आलेला बांगडा आपण खातो. मग प्लँक्टन, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे हे बारीक जीव, आपल्या पोरांनी बघायला नको?

पण बघणार कशातनं? मी शिकवायचो त्या शाळेत चांगला मायक्रोस्कोप होता, कपाटात. गोव्याहून जिवंत नमुना आणला होता, दाट भरला की बाटलीतला ऑक्सिजन संपून सगळे मरतात म्हणून भरपूर समुद्राचं पाणी घालून, थर्मासमध्ये, सांभाळून. पोरं रांगेत उभी. किल्ली काही आली नाही, "लेन्सला काय झालं तर भरून कोण देणार?" संध्याकाळपर्यंत सगळं मरून तळाला बसलं. मला अजून राग येतो. वस्तू वापरून खराब होईल म्हणून मुलांना दाखवायचीच नाही, मग घेतली कशाला?

पुढे एका पालकांनी जुना मायक्रोस्कोप आणून दिला. थेंबात कोपेपॉड होता, एकच लाल डोळा, लांब मिशा, झटक्यात इकडचा तिकडं. एक मुलगी म्हणाली, सर, ह्याच्या पोटात हिरवं दिसतंय. त्यानं खाल्लेलं शेवाळ होतं ते! अन्नसाखळी शिकवायला मला फळा लागलाच नाही त्या दिवशी.

अध्यक्ष घड्याळ दाखवायलेत, तर नमुना कसा घ्यायचा ते भराभर सांगतो. नायलॉनची शंकूसारखी जाळी, प्राणी-प्लँक्टनला साधारण २०० मायक्रॉन भोकांची, वनस्पती-प्लँक्टनला २० ची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. होडी अगदी सावकाश, एक-दोन नॉट, म्हणजे ताशी दोन-चार किलोमीटर, वेग वाढवला की पाणी जाळीतनं गाळून जायच्या ऐवजी तोंडातनंच उलटं फिरतं. तोंडाशी फ्लोमीटर पाहिजेच, किती पाणी गाळलं ते माहीत नसेल तर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. १९६० च्या दशकातल्या हिंदी महासागर मोहिमेत देशोदेशीच्या जहाजांना एकाच मापाची जाळी ठरवून दिली होती ती आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणूनच, नमुने कोचीला गोळा झाले, आणि १९६६ ला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली ती ह्याच कामातनं. जाळी वर आली की बाहेरनं पाणी मारून चिकटलेलं सगळं खालच्या भांड्यात उतरवायचं. आधी जिवंत बघा, नमुना टिकवायला घालतात त्या फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो, हालचाल जाते. फॉर्मॅलिन विषारी, ते मुलांच्या हातात अजिबात नको. मोजायला सेजविक-राफ्टरची काच, बरोबर एक मिलिलिटर पाणी मावतं.

कोपेपॉड गोड्या पाण्यातही असतात. जाळी माझ्याकडे आहे, येत्या रविवारी सकाळी किल्ला तलावावर कोण कोण येणार, जाताना नावं देऊन जावा.