मीठ नको, तुरटी घ्या! घरच्या घरी टपोरा स्फटिक

नमस्कार मंडळी! हे बघा. [स्फटिक कॅमेऱ्याजवळ] काच नाही, किराणा दुकानातली तुरटी आहे. आजोबा दाढीनंतर गालावर फिरवायचे, तीच. आणि हे आठ पैलू मी पाडलेले नाहीत, त्याचे त्यानेच पाडलेत.

शाळेच्या प्रकल्पासाठी बहुतेक जण मीठ घेतात. मी म्हणेन, सुरुवात मिठाने नकोच. १०० मिलिलिटर गार पाण्यात मीठ विरघळतं साधारण ३६ ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यात फार तर ३९. मग पाणी निवल्यावर बाहेर पडणार काय, चिमूटभर! म्हणून तर मिठागरात पाणी उन्हात आटवावं लागतं. तुरटीचं तसं नाही. २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम, ५० अंशांना ३७च्या आसपास. पाणी निवलं की जास्तीची तुरटी बाहेर येते.

तुरटी काचेसारखी पारदर्शक बघून घ्या. गढूळ पाण्यात फिरवायच्या मळकट लाद्या नकोत.

ग्लासभर गरम पाण्यात ६० ग्रॅम पूड विरघळवा, रुमालातून गाळा, थोडं बशीत ओता. सकाळी बशीत बारीक खडे दिसतील. त्यातला धारदार कडांचा एकच निवडा. हे आपलं बीज. बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा. सुती दोऱ्याच्या तंतूंवर भलतेच खडे धरतात.

आता घाई नको. उरलेलं द्रावण पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा गाळा, मगच बीज सोडा. कोमट असेल तर बीजच विरघळून जातं, उरतो नुसता दोरा! बीज तळाला, काचेला टेकू देऊ नका. वर कागद झाका. फ्रीज नको, पंख्याखाली नको. पाणी जितकं सावकाश आटेल तितका खडा नितळ. पावसाळ्यात मात्र हवा दमट, फारच रेंगाळतं.

तळाशी खडे जमले तर द्रावण दुसऱ्या बरणीत गाळून घ्या, नाहीतर तेच तुरटी खाऊन टाकतात. आणि खायचा रंग टाकू का, असं विचाराल, तर टाका, पण रंग बहुतेक पाण्यातच राहतो.

बाहेर काढल्यावर नळाखाली धुऊ नका, टिपून घ्या. कोरड्या हवेत वरून पांढरा पडतो, म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या. उरलेलं पाणी फेकू नका, गरम करून पुढच्या बीजाला चालतं.