मुंग्या नेमक्या कुठे येतात?

श्रोतेहो, नमस्कार. डॉक्टरांच्या कागदावर ‘पॅरेस्थेशिया’ असं लिहिलेलं दिसलं की काहीतरी मोठं निघालं, असं अनेकांना वाटतं. हे आजाराचं नाव नाही, तक्रारीचं आहे. बाहेरून काही टोचत नसताना मुंग्या येणं, झिणझिण्या येणं म्हणजे पॅरेस्थेशिया. बधिरपणा वेगळा, त्यात स्पर्शच कमी कळतो.

मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या का येतात? मज्जातंतूवर दाब पडतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि संदेश अडतात. दाब सुटला की तंतू थोडा वेळ आपोआप भलतेच संदेश सोडत राहतो. म्हणून खरा त्रास उठल्यावर. काही मिनिटांत तो जातो. तेवढा वेळ चालू मात्र नका, पाऊल मुरगळतं.

वारंवार होत असेल, तर बोटं मोजा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू, त्यातही रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर दाब बहुधा मनगटात आहे. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू असेल, तर संशय कोपरावर. कोपर दुमडून झोपणं आणि टेबलावर टेकवणं टाळा. डॉक्टरांना नुसतं ‘हात सुन्न पडतो’ सांगितलंत, तर ही सगळी माहिती वाया जाते.

दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या येऊन त्या हळूहळू वर चढत असतील, तर रक्तातली साखर आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्या. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं. मनानेच गोळ्या सुरू करू नका. बी-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, आत तंतूंची हानी चालूच राहते. आणि बी-६ जास्त डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं, तर त्यानेच मुंग्या येतात!

अचानक शरीराची एकच बाजू मुंग्यांनी भरली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. जांघांच्या आतल्या बाजूला, बैठकीच्या जागी बधिरपणा येऊन लघवी अडली, तरीही तेच.