एका कॉलरवर उभं चाक

[पडद्यावर काही नाही. फक्त आवाज.]

ऐका. घर्र… घर्र… घर्र…

गाडीच्या काचा वर आहेत, तरी मागच्या डाव्या कोपऱ्यातून हा आवाज येतोय. वेग वाढला की चढतो, कमी झाला की उतरतो. ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल टाकलं, तरी बदलत नाही. म्हणजे इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. आता गाडी उजवीकडे वळतेय. वळताना वजन डाव्या चाकावर येतं, आणि बघा, आवाज जाड झाला. मागचं डावं बेअरिंग गेलंय.

[शेडमध्ये पांढरी पद्मिनी, मागून घोड्यांवर उचललेली. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे.]

ही प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. माझ्या बाबांची. आज ती कुर्ल्यातल्या एका शेडमध्ये उभी आहे, आणि कुर्ला हेच तिचं माहेर. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता. इटलीच्या फियाट ११००चं हे इथलं रूप. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला सलग एक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आस. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. घरच्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांना हात लावणारे मिस्त्रीही आहेत. हे त्यांतलेच एक. आम्ही यांना मामाच म्हणतो. बाबाही म्हणायचे.

[मामा चाकाला दोन्ही हातांनी वर-खाली हलवतात. खटखट ऐकू येते.]

“प्ले बघ किती आलाय, किती ढिलं झालंय,” मामा म्हणतात. “आणि तू ही पुण्याला नेणार होतास?”

त्यांचा सूर का चढला, ते समजायला एक्सलची रचना पाहावी लागेल. चाक ज्या शाफ्टवर बसतं, त्याचं आतलं टोक डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या संचाच्या गिअरमध्ये नुसतं सरकवलेलं असतं. दाते फिरवण्याचं काम करतात, शाफ्टला धरून ठेवत नाहीत. बाहेरच्या टोकाला एक बॉल बेअरिंग. ते शाफ्टवरून घसरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला घट्ट बसवलेली एक लोखंडी कॉलर, म्हणजे कडं. बेअरिंगला बाहेरून एक तबकडी दाबते आणि ती तबकडी बोल्टांनी हाउसिंगला, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाला आवळलेली असते. बस्स. ही कॉलर सुटली, तर शाफ्ट, ब्रेकचा ड्रम आणि चाक, तिन्ही एकत्र गाडीतून बाहेर पडतात. मागच्या सीटवर माझी आई बसते. त्यामुळे हा तपशील मला कोरडा वाटत नाही.

[ड्रम निघतो. आतून काळं, ओलं, चकाकणारं काहीतरी दिसतं.]

ड्रम काढला तर आत सगळं तेल. हे ब्रेक ऑईल नाही. दाट आहे, उग्र वास आहे. डिफरन्शियलचं गिअर ऑईल, ते अडवणाऱ्या ऑईल सीलमधून झिरपून लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांवर आलंय. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला का ओढायची, त्याचं उत्तर इथे आहे. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे खूप आहेत. मामा लावत नाहीत. पहिल्या चार ब्रेकना ठीक वाटतं, मग ड्रम तापला की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. लायनर बदलायचे, आणि दोन्ही बाजूंचे बदलायचे.

पण नवं सील टाकण्याआधी मामा गाडीखाली शिरतात आणि हाउसिंगच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, काढतात. बोटाएवढी चीज, चिखलाने गच्च बुजलेली. एक्सल तापला की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला घेऊन सीलमधून बाहेर पडते. मुंबईत याची उलट बाजूही आहे. तापलेला एक्सल तुंबलेल्या पाण्यात शिरला की झटकन थंड होतो, आतली हवा आकसते, आणि तो जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही गाडी रात्रभर पाण्यात उभी होती. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे दिसतायत ना? ते त्या रात्रीचे असतील असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरचे पावसाळेही काही कमी नव्हते.

[ओल्या फडक्याने बॅक प्लेट पुसताना हात.]

एक गोष्ट थांबून सांगतो. ड्रममधली ती करडी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आणि तो फुप्फुसात गेला की तिथेच राहतो. ओलं फडकं घ्या, पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मामांच्या हाताखालचा पोऱ्या तोंडाला मास्क लावतो. मामांनी स्वतः तो उमेदीच्या काळात कधी लावला नाही, म्हणून आता त्याच्यावर डोळे वटारतात.

[शाफ्ट वायसमध्ये. ग्राइंडरच्या ठिणग्या.]

आता ती कॉलर. जुनी कॉलर पुन्हा वापरायची नाही. ती एकदा निघाली की तिची पकड गेली. मामा ग्राइंडरने तिला जवळजवळ आरपार खाच पाडतात, शाफ्टला न लागता, मग छिन्नीचा एकच घाव. टक्क. कॉलर फाटते. शाफ्टवर ओरखडाही नाही. अशी खाच शाफ्टला लागली असती, तर पुढे तिथूनच तो तुटला असता.

नवं बेअरिंग शोधणं त्यामानाने सोपं. कडेवर कोरलेला नंबर वाचायचा आणि बेअरिंगच्या दुकानात तोच मागायचा, ‘फियाटचं द्या’ म्हणत फिरायचं नाही. कॉलर मात्र लेथवर करून आणली. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून, भोक त्याहून केसभर लहान ठेवून.

आधी तबकडी शाफ्टवर घालायची. ती विसरली तर सगळं काम पहिल्यापासून! मग बेअरिंग, प्रेसखाली, दाब फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर दाबलं तर तो दाब गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच मरतं.

[कॉलर आगीवर. रंग बदलतो: पिवळसर, तपकिरी, मग निळा.]

हा निळा रंग बघा. मोराच्या मानेसारखा. लोखंड साधारण ३०० अंशांवर आलंय. ३५ मिलिमीटरचं भोक एवढ्या उष्णतेने जेमतेम एक दशांश मिलिमीटर फुगतं. तेवढीच फट, आणि हातात काही सेकंद. मामा चिमट्याने कॉलर उचलतात, शाफ्टवर सोडतात, वरून प्रेस. ती बेअरिंगला टेकते. खाली बेअरिंगभोवती ओलं फडकं, त्यातलं ग्रीस जळू नये म्हणून. कॉलर थंड होते, आकसते, आणि शाफ्टला धरते.

रस्त्यावर काही जण कॉलरला वेल्डिंगचे ठिपके मारून देतात. मामांना ते सहन होत नाही. वेल्डिंगच्या आचेने शाफ्टचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे.

[ब्रेक शू, स्प्रिंगा, व्हील सिलेंडर एका कापडावर मांडलेले.]

ब्रेकचं काम एका वेळी एकाच बाजूचं उघडायचं, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे बघायला दुसरी बाजू शाबूत राहते. ब्रेक ऑईलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या आत बोट फिरवलं तर खड्डे लागले, म्हणून नवे घातले. त्यांच्या आतल्या रबरांना ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावायचं नाही, रबर फुगतं. ब्रेक ऑईलच लावायचं. ड्रम लेथवर हलकेच टर्न केला, कडेला उभी राहिलेली धार काढली.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायची. पेडलपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून. पेडलवर मी.

“मार पंप. मार. दाबून धर!”

पाय थोडा खाली जातो. निपलमधून बुडबुडे, मग नितळ धार.

“सोडू नकोस… आता सोड.”

[रात्र. गाडी रस्त्यावर. मागे कुणी बोलत नाही.]

घाटकोपरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मी न्यूट्रल टाकलं. टायरचा आवाज आहे, वाऱ्याचा आहे. पन्नास किलोमीटरनंतर थांबून मामांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला. सारखेच कोमट.