संत्र्याची सड, बुरशीनाशक आणि पहिले चोवीस तास

नमस्कार मंडळी. संत्री-मोसंबीच्या मागील व्हिडिओखाली सर्वाधिक आलेला प्रश्न एकच आहे: ‘दादा, सड थांबवायला कोणते औषध आणि किती मिली?’ नावे सांगून टाकतो. इमाझालिल, थायाबेंडाझोल, फ्लुडिऑक्सोनिल आणि पायरीमेथॅनिल ही बुरशीनाशके पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळे निवडून भरण्याच्या केंद्रात, धुतलेल्या फळांवर फवारून, द्रावणात बुडवून किंवा मेणात मिसळून वापरली जातात. प्रमाण लेबलवरचेच घ्यावे, आणि काढणीनंतरच्या वापराचा उल्लेख लेबलवर नसेल तर ती बाटली फळाजवळ आणू नये.

आता वेळेविषयी, कारण हे कोणीच विचारत नाही. हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम, अखंड सालीतून आत शिरत नाही. तिला जखम लागते, आणि जखमेत तिचे बीजाणू रुजून खोल गेले की वरून दिलेले औषध तेथवर पोहोचत नाही. म्हणून तोडीनंतर साधारण २४ तासांच्या आत उपचार व्हायला हवा.

गेल्या हिवाळ्यात शाहू मार्केट यार्डातून मी विदर्भातल्या संत्र्यांची दोन क्रेट घेतली. माल ‘औषध मारलेला’ होता, परंतु चौकशी केल्यावर ते तोडीनंतर तिसऱ्या दिवशी मारल्याचे कळले. चार दिवसांत हिरवी भुकटी दिसू लागली, आणि बहुतेक सडक्या फळांच्या शेजारी लांब, टोकदार देठ ठेवलेले फळ सापडले. कात्रीने देठ सालीलगत कापला असता, तर शेजारच्या फळांना भोके पडलीच नसती.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, दुप्पट डोस देऊनही माल सडला. अहो, उशीर झाल्यावर डोस वाढवल्याने फळावर फक्त औषधाचा अवशेष वाढतो! लोणच्याची लिंबे निवडताना आमची आई टोचलेले लिंबू बाजूला काढते. पॅकहाऊसच्या प्रतवारीतही नेमके हेच करायचे असते.

सड पाणचट असेल आणि आंबूस वास येत असेल, तर ती जिओट्रिकम या वेगळ्या बुरशीची आहे. तिच्यावर इमाझालिल आणि थायाबेंडाझोल चालत नाहीत. परदेशी पॅकहाऊसमध्ये त्यासाठी प्रोपिकोनॅझोल वापरतात. औषध आलटून-पालटून वापरतो असे सांगणाऱ्यांनीही जोडी तपासावी, कारण कार्बेन्डाझिम आणि थायाबेंडाझोल ही बुरशीनाशके एकाच गटातील असल्याने एकाला दाद न देणारी बुरशी बहुधा दुसऱ्यालाही देत नाही.